आधी दुसऱ्यानं सुरू करायचं होतं

वाशीम जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांच्या व्हिडिओत शालिककाकांचा डावा कोपर आहे. चेहरा नाही. कॅमेरावाला आमच्या रहीम मास्तरांवर झूम करतो, मास्तर क्लॅरिनेट आभाळाकडे धरून गाल फुगवतात, आणि चौकटीच्या कडेला लाल बाहीतला एक कोपर वर-खाली होत असतो. तो शालिग्राम यांचा, म्हणजे आमच्या शालिककाकांचा. माणूस रिठदचा. न्यू गुलशन ब्रास बँडचा दुसरा क्लॅरिनेट.

मी त्याच बँडमध्ये कॅसिओ वाजवतो. माझं बी.ए. झालेलं असल्यामुळे मास्तर मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणतात. यात कौतुक नाही.

दुसरा क्लॅरिनेट म्हणजे काय, हे लोकांना माहीत नसतं, आणि माहीत नसलं तरच ते काम नीट झालं असं समजायचं. गाणं मास्तर सुरू करतात. पण मास्तर हाडामासाचे आहेत, त्यांना दम लागतो, आणि वरातीत लोळून नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांना हे समजावून सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून मास्तरांचा श्वास संपायच्या थोडं आधी शालिककाका त्याच सुरात हळूच शिरतात. मास्तर तोंड काढतात, रुमालानं कपाळ पुसतात, एखाद्याला शिवी देतात आणि परत सुरात येतात. ते आले की काका विझतात. गाणं कुठंही तुटत नाही. जन्मभर हेच.

मी एकदा विचारलं होतं, “काका, तुमाले कटाळा नाही येत?”

“येते न,” ते म्हणाले. “पन तोंडात क्लारनेट रायते. सांगू कोनाले?”

आमच्या बँडचा एकच कायदा आहे. मास्तर क्लॅरिनेटचं खालचं तोंड, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, ते वर उचलतात, तेव्हा सुरू. भोंगा खाली आणतात, तेव्हा बंद. तोंडानं कोणी काही बोलत नाही, कारण बोललेलं ऐकू येत नाही. बादल ढोलवाला लग्नातल्या पोरींकडे बघत असला तरी त्याचा एक डोळा भोंग्यावर असतो. शालिककाकांचे तर दोन्ही डोळे. माणूस बायकोकडे इतकं बघत नाही.

या उन्हाळ्यात काकांचे वरचे समोरचे दोन दात हलायला लागले. क्लॅरिनेट त्याच दातांवर टेकवतात. काकांनी सायकलच्या ट्यूबचा बोटाएवढा तुकडा कापून तोंडाच्या जागी चिकटवला, म्हणजे दातांना हादरा कमी बसतो. वाशीमच्या दातांच्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, काढावे लागतील, आणि शेजारच्यांचंही काही खरं नाही. काकांनी सीझन संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. कवळी लावून क्लॅरिनेट वाजेल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, भाकर तर नक्की खाल. त्याचा काकूंना फार आनंद झाला नाही. रुख्मिणीकाकू म्हणाल्या, “भाकर त आत्ताबी खाऊन राह्यले. वाजवनं बंद झालं की घरात बसतीन आन् माह्यावर आवाज काढतीन.”

म्हणजे हा शेवटचा सीझन, हे सगळ्यांना कळलं होतं. मास्तरांनी फक्त वरातीत दम जास्त वेळ धरायला सुरुवात केली. त्यामुळे ते खोकायला लागले आणि काकांना उलट जास्त वाजवावं लागलं.

अशात शिरपूरच्या भागवतरावांच्या निकितानं फोन केला. पोरगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि रविवारी व्हायोलिन शिकते. लग्न मात्र गावातच, जैन मंदिराच्या अलीकडे जे नवीन लॉन झालं आहे तिथं. तिला स्वतःच्या एन्ट्रीला सिनेमाचं गाणं नको होतं. तिनं माझ्या मोबाइलवर एक ऑडिओ पाठवला. तीनशे वर्षांपूर्वीचं, जर्मनीकडचं, बरोक म्हणतात त्या काळातलं. पुढं दोन व्हायोलिन आणि मागं तंतुवाद्यांचा सगळा ताफा.

पाटणी चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. तिथं बाकड्यावर बसून मास्तरांनी त्याचा पहिला, पळता भाग ऐकला. डोळे मिटून ऐकला. मला वाटलं झोपले.

“अबे ग्रॅज्युएट,” ते डोळे न उघडता म्हणाले, “हे त आपलंच हाय. समदे मिळून मुखडा. मंग दोघायचा अंतरा. मंग पुन्हा समदे. यायले कोनं शिकवलं बे?”

“मास्तर, ते तीनशे वर्षांपूर्वीचं आहे.”

“मंग आमाले त्यायनं शिकवलं असंन. जाऊ दे. वाजवू.”

पण निकिताला तो भाग नको होता. तिला मधला पाहिजे होता, सावकाश. त्यात मुखडा नाही, अंतरा नाही, टाळी नाही. एक व्हायोलिन बोलायला लागतं, थोडं पुढं गेलं की दुसरं वरून येतं. मग एक थांबतं तेव्हा दुसरं बोलतं, दुसरं लांबतं तेव्हा पहिलं त्याच्याखाली जातं. मागचा ताफा नुसता चालत राहतो, संध्याकाळी वावरातून घरी येणाऱ्या बैलांसारखा. बादलनं ऐकून विचारलं, “याच्यात नाचाचं कुठी?”

“नाचाचं नाही,” मी म्हणालो.

“मंग लगन कायचं हाय?”

शालिककाका मात्र एक इअरफोन कानात घालून दिवसभर ऐकत बसले. जेवतानासुद्धा. शेवटी म्हणाले, “याच्यात दुसरा विझतच नाही बाबू.”

“दुसरा नाहीच याच्यात काका. दोघं सारखे आहेत.”

“नाही नाही. दुसरा हाय. मले आयकू येते.” मग इअरफोन काढून, “पन त्याले कोनी बंद करून नाही राह्यलं.”

वाटणी मास्तरांनी केली. जे आधी सुरू होतं ते त्यांचं, मागून येतं ते काकांचं. यात चर्चेला जागा नव्हती. मी निकिताला सहज सांगितलं, तर ती फोनवर हसली. म्हणाली, “अरे, मुळात उलटं आहे. दुसरं व्हायोलिन आधी सुरू करतं, पहिलं मागून येतं.” मी ते मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “तिकडं चालत असंन.”

पण मागून येणारी ओळ उंच होती. उंच सुराला क्लॅरिनेट दातात घट्ट धरावी लागते. काकांनी दोन दिवस धरली. तिसऱ्या दिवशी सूर चिरकला, काकांनी वाद्य काढलं आणि ट्यूबच्या तुकड्याकडे बघत बसले. तुकडा लाल झाला होता.

“मास्तर, वरचं नाही जमत. दात सरकून राह्यले.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. क्लॅरिनेटच्या चाव्या उगाच फडक्यानं पुसल्या.

“मंग खालचं घे तू. आधी सुरू होते ते.”

दुकानात बादल ढोलाच्या दोऱ्या ओढत होता, तो थांबला.

“मी काहून सुरू करू?” काका म्हणाले. “तुमी भोंगा उचला, मी वाजवतो.”

“मी तवा वाजवतच नाही, त भोंगा कायले उचलू? ज्यानं सुरू कराचं त्यानं उचलाचा. पोट्टी म्हनते ना, तिकडं दुसराच आधी करते. कर मंग.”

“बरं नाही दिसत मास्तर.”

“दात पडल्यावर लय बरं दिसशीन.”

अशी वाटणी बदलली. दुकानात सराव सुरळीत झाला, कारण तिथं मी कॅसिओवर ठेका लावून ‘एक, दोन, तीन’ म्हणायचो आणि काका त्यावर निघायचे. मास्तरांनी ते चालवून घेतलं, पण बजावलं, “लॉनवर मोजू नको. इथं ठीक हाय. तिथं शाळा भरल्यावानी वाटीन. तिथं शालिक सुरू करीन, त्याच्या मनानं.”

काकांना हे हवं होतं का? विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. पण रुख्मिणीकाकूंचा मला फोन आला, “काय शिकवलं रे बाबू यायले? गोठ्यात बसते आन् एकच तुकडा वाजवते. सुरू करते, थांबते. सुरू करते, थांबते. पुढं जातच नाही. म्हैस उठून गेली पन हे नाही उठले.” काकांनीच एका वरातीनंतर, टेम्पोत माझ्या शेजारी बूट काढून पाय चोळत बसले असताना विचारलं, “हे ज्यानं लिवलं, तो कुठी दुसरा असंन काय रे?”

“कुणास ठाऊक.”

“असंन,” ते म्हणाले, आणि झोपले.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की सकाळच्या वरातीतच आमच्या लाल कोटांना मीठ फुटलं. मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावून शिरपूरच्या डांबरी रस्त्यावर चालायचं, पुढं घोडं, घोड्यापुढं दारू प्यालेले मित्र, आणि मागं एका ट्रॅक्टरवर डीजे. तो अजून बंद होता, पण त्याच्या काळ्या पेट्या आमच्याकडे बघत होत्या. लॉनवर पोचेपर्यंत मास्तरांचा आवाज बसला होता आणि काकांनी दोन्ही गाल आतून चावून धरले होते. त्यांचे बूट मात्र पॉलिश केलेले होते. कोटाचं तुटलेलं पितळी बटण काकूंनी शिवून दिलं होतं. हे दोन्ही मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग निकिता आली. भावांनी चार कोपऱ्यांवर फुलांची चादर धरलेली, तिच्याखाली ती. आम्ही रस्त्याच्या कडेला रांगेत उभे. सगळे शांत झाले. मास्तर आज मुद्दाम एक पाऊल मागं उभे राहिले, काकांच्याही मागं. आणि कोणी चुकून त्यांच्याकडे बघू नये म्हणून त्यांनी क्लॅरिनेट मांडीला लावून, भोंगा खाली करून धरली.

तिथंच घात झाला.

काकांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली. श्वास घेतला. आणि सवयीनं मान वळवून मास्तरांच्या भोंग्याकडे पाहिलं. भोंगा खाली होता. भोंगा खाली म्हणजे बंद. काका थांबले. मास्तर थांबलेलेच होते, कारण सुरू काकांनी करायचं होतं. मास्तर काकांचा मान ठेवत होते, म्हणून भोंगा उचलत नव्हते. भोंगा उचलला जात नव्हता, म्हणून काका सुरू करत नव्हते. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे. निकिता चादरीखाली चालायच्या तयारीत, एक पाय पुढं.

आमच्याकडे लग्नातला बँड मधेच गप्प होतो तो एकाच कारणानं. ज्या घरी मयत झालं असेल त्या घरावरून जाताना. तेव्हा खुर्च्यांमधे कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या शेजारच्यानं विचारलं, “कोन गेलं?” मागच्या रांगेत कोणी एक नावही घेतलं. आजारी होते म्हणे. भागवतराव मंडपातून धावत आले, तोंड पांढरं. “काय झालं हो मास्तर? कोन गेलं?”

“कोनी नाही गेलं!” मास्तर ओरडले, आणि भोंगा उचलून स्वतःच सुरू झाले.

काकांची ओळ. आधीची, खालची. ज्यांनी आयुष्यभर आधीच सुरू केलं होतं त्यांच्या तोंडून आणखी काय निघणार होतं? बादलनं बोटांनी ढोलावर थाप दिली, ताफा चालू लागला, निकिता चालू लागली. आणि थोडं पुढं गेल्यावर, जिथं मास्तरांनी वरून यायचं होतं तिथं शालिककाका आले. उंच ओळ. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी ती खालच्या पट्टीत आणून, अर्ध्या ठिकाणी नुसती वाऱ्यासारखी फुंकून पार पाडली. लोकांना काही कळलं नाही. टाळ्या झाल्या. टोपी परत डोक्यावर गेली.

बँडची पंगत सगळ्यात शेवटी बसते. वरणात काही उरलेलं नव्हतं आणि जिलेबी तेवढी भरपूर होती, जी काकांना चावता येत नव्हती. मास्तर ताटावर बसले ते बोलतच बसले.

“तुले सुरू कराचं होतं!”

“तुमी भोंगा खाली धरला होता.”

“तुले कराचं होतं म्हनूनच त खाली धरला!”

“खाली म्हंजे बंद. तुमीच शिकवलं.”

“अबे पन आज...” मास्तर थांबले. ते माझ्याकडे वळले. “ग्रॅज्युएट, सांग याले.”

मी जिलेबी खात होतो. यात बी.ए.चा काही उपयोग नव्हता.

निकिता नवऱ्याला घेऊन आमच्या पंगतीला आली, सगळ्यांना नमस्कार केला. छान झालं म्हणाली. मग शालिककाकांना म्हणाली, “काका, आधी तुम्हीच होते ना?”

काकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पाणी पीत होते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“हो,” काका म्हणाले. “मीच होतो.”

ती गेल्यावर काकांनी जिलेबी पाण्यात बुडवून खाल्ली. मला वाटलं, संपलं. आता एक बिदाई वाजवायची, तिला ठरलेलं रडकं गाणं आहेच, मग टेम्पो, मग वाशीम, आणि, सीझन संपला म्हणून, सोमवारी ते दात.

ऊन उतरल्यावर बिदाईची गडबड सुरू झाली. गाडी फुलांनी सजवून फाटकापाशी लागली. बायका रडायला लागल्या. आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो, पाय सुजलेले, कोट अंगाला चिकटलेले. आणि मास्तरांनी क्लॅरिनेट वाजवायच्या ऐवजी खोलायला घेतली. तोंड काढलं, त्यावरची वेताची पात काढली, एकेक तुकडा पेटीत ठेवला, झाकण लावलं, दोन्ही खटके बंद केले. आणि रांगेच्या पुढं, सगळ्यांकडे पाठ करून, त्या पेटीवर बसले.

“मास्तर, बिदाई!” बादल म्हणाला.

“माहा दम गेला,” मास्तर समोर बघत म्हणाले. “काय वाजवाचं ते वाजवा.”

काकांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली. सवयीनं मान वळवली. जिथं भोंगा असायचा तिथं मास्तरांची घामानं ओली पाठ होती. काका तसेच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजलं असतं, पण मला बजावलेलं होतं. त्यांनी बादलकडे पाहिलं. बादल त्यांच्या भोंग्याकडे बघत होता. ट्रम्पेटवाले, बाजेवाले, खुळखुळेवाला, सगळे काकांच्याच भोंग्याकडे बघत होते. बघायला दुसरं काही नव्हतंच.

मग तो उचलला गेला. फार नाही. माणूस अंगावरची गोधडी सारतो तेवढा.

ती खालची ओळ मी दुकानात कितीतरी वेळा ऐकली होती. तिथं ती बरोबर होती. इथं ती बरोबर नव्हती. पहिला सूर कापरा होता आणि मधेच दातामुळं हवा सुटत होती. पण ती चालली. ताफा मागं निघाला. थोडं पुढं गेल्यावर जिथं दुसऱ्या आवाजानं वरून यायचं, ती जागा आली. आलं कोणीच नाही. काका एकटेच पुढं गेले. पेटीवरची पाठ हलली नाही. गाडीत निकितानं काच खाली केली, पण रुमाल डोळ्यांना लावलेला होता, तिला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. ओळ फिरून पुन्हा सुरुवातीला आली आणि पुन्हा ती जागा आली, पुन्हा रिकामी गेली, आणि तेव्हा मास्तर “च्यामायले” म्हणून उठले. खटके उघडले. घाईत पात उलटी बसवली, पुन्हा काढली, जिभेनं ओली केली. तिसऱ्या खेपेला ते आले. जागा चुकवून आले, उशिरा आले. काकांनी त्यांच्यासाठी थोडं सावकाश केलं.

गाडी निघाली. मंदिराकडच्या वळणावरून वाशीमच्या रस्त्याला लागली. व्हिडिओवाला तिच्यामागं पळाला. पाहुणे पांगले. भागवतराव खुर्चीवर मान टाकून बसले. आणि आम्ही वाजवतच होतो.

कारण ज्यानं सुरू केलं त्यानंच बंद करायचं असतं, आणि काकांनी आजवर एकही गाणं बंद केलेलं नव्हतं. ते मास्तरांकडे बघत होते. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. मुद्दाम. मास्तरांचा दम संपत आला की काका त्यांच्या सुरात शिरायचे, मास्तर घोटभर हवा घ्यायचे, परत यायचे. पण आता काका विझत नव्हते. मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. बादलची बोटं सुजली होती, तो मला डोळ्यांनी विचारत होता, किती वेळ? मला काय माहीत?

शेवटी काकांनी इकडंतिकडं पाहिलं. कोणी सांगणार नाही हे त्यांना पटलं असावं. ओळ एका ठिकाणी जरा टेकते, तिथं त्यांनी भोंगा हळूहळू खाली आणला, मास्तर आणतात तसाच, अर्ध्यावर थोडा थांबवून. ताफा बंद झाला.

मागं नळापाशी केटरिंगच्या रुपाबाई कढया घासत बसल्या होत्या. त्यांनी राखेनं भरलेले हात थांबवले.

“काहून थांबले हो? वाजवा न. भांडे होऊन राह्यले होते माहे.”

“संपलं बाई,” शालिककाका म्हणाले.

मग त्यांनी क्लॅरिनेटवरचा ट्यूबचा तुकडा नखानं सोलून काढला, पँटला पुसला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मास्तर खोकत होते. टेम्पोवाला हॉर्न देत होता.